बेरोजगार भत्ता खरंच मिळतो का? अमरावती-अकोल्यात नोकरी गेली तर काय मागायचं, कुठे मागायचं

"सुशिक्षित बेरोजगारांना दरमहा ५ हजार रुपये भत्ता. फॉर्म सुरू झाले. शेवटची तारीख जवळ आली आहे, सगळ्या ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज तुमच्या व्हॉट्सॲपवर एकदा तरी आलाच असेल. वर्ष बदलतं, रक्कम कधी ५ हजार असते तर कधी ६ हजार, मेसेज मात्र तोच. मग राजकमल चौकातल्या चहाच्या टपरीवर असो की अकोल्याच्या बसस्टँडवर, प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, हा भत्ता कुठी भेटते?"

सरळ उत्तर असं की, महाराष्ट्रात निव्वळ 'मी बेरोजगार आहे' म्हणून दरमहा खात्यात पैसे टाकणारी सरसकट योजना नाही. 'प्रधानमंत्री बेरोजगारी भत्ता योजना' या नावाने फिरणारा मेसेज तर खोटा असल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने जाहीर केलेलं आहे. कर्नाटकने 'युवा निधी' योजनेत पदवीधरांना महिन्याला ३ हजार आणि पदविकाधारकांना दीड हजार रुपये देऊ केले, छत्तीसगडने २०२३ मध्ये अडीच हजारांचा भत्ता सुरू केला होता. अशा बातम्या आपल्याकडेही फिरतात आणि गोंधळ वाढतो.

पण याचा अर्थ नोकरी गेल्यावर काहीच मिळत नाही, असाही नाही. कायद्याने मिळणारे पैसे आहेत. फक्त ते 'बेरोजगार' या शब्दावर मिळत नाहीत, कागदावर मिळतात. नोकरी होती याचा कागद, ती कशी गेली याचा कागद आणि अर्ज केला याची पोच. हे तीन कागद असतील तर भांडता येतं, नसतील तर हक्क असूनही हात हलवत परत यावं लागतं.

तर कोणाला काय मिळू शकतं, ते एकेक करून समजून घेऊ.

आधी हे बघा: नोकरी 'गेली' की तुम्ही 'सोडली'?

समजा तुम्ही एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाच वर्षं कामाला आहात. एक दिवस मॅनेजर बोलावतो आणि सांगतो, "काम कमी झालंय. तू राजीनामा लिहून दे, म्हणजे हिशेब लवकर करून देतो." बहुतेक जण सही करतात. वाद नको, पैसे लवकर मिळतील, असं वाटतं.

इथेच खरं नुकसान होतं. मालकाने कामावरून कमी केलं तर ती कायद्याच्या भाषेत 'कामगार कपात' असते. सलग एक वर्ष काम केलेल्या कामगाराला कपातीपूर्वी एक महिन्याची नोटीस किंवा त्याबदल्यात पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई मिळायला हवी. पाच वर्षांचे झाले ७५ दिवसांचे पैसे. राजीनाम्यावर सही केली की कागदोपत्री ती कपात राहत नाही, तुम्ही स्वतःहून सोडलेली नोकरी ठरते. भरपाई गेली आणि पुढे ज्या योजनेचा फायदा मिळाला असता तिचंही दार बंद झालं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या तीन गोष्टी नोकरी गेलेल्या माणसाने लक्षात ठेवाव्यात:

• नोकरीवरून काढलं, कपात केली किंवा तुम्ही राजीनामा दिला, तरी राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे.

• कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने शेवटच्या पगाराच्या हिशेबाने १५ दिवसांची रक्कम 'पुनर्कौशल्य निधी'त भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची आहे. ही रक्कम कपातीच्या भरपाईव्यतिरिक्त आहे.

• ठरावीक मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना एका वर्षाच्या नोकरीनंतरही प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. कायम कामगारांसाठी पाच वर्षांची अट आहे.

त्यामुळे घाईत सही करू नका. नोटीस लेखी मागा. मालक लेखी देत नसेल तर तुम्हीच एक साधं पत्र लिहा: "अमुक तारखेपासून मला कामावर घेतलं जात नाही, कारण लेखी कळवावं." हे पत्र रजिस्टर पोस्टाने किंवा ईमेलने पाठवा आणि पावती जपून ठेवा. उद्या कामगार कार्यालयात गेलात तर पहिला प्रश्न तारखेचाच येणार आहे. अन्यायाने काढल्याचा वाद न्यायाधिकरणात न्यायचा असेल तर नव्या संहितेत दोन वर्षांची मुदत आहे.

ईएसआयसी कापलं जात होतं? मग तुमचा दावा असू शकतो

पगाराच्या पावतीवर 'ईएसआय' नावाची ०.७५ टक्क्यांची कपात दिसते का, ते बघा. मालक त्यात स्वतःचे ३.२५ टक्के घालतो. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेला कारखाना, दुकान, हॉटेल किंवा खासगी दवाखाना आणि महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार, अशा ठिकाणी हा विमा लागू असतो. बऱ्याच जणांना वाटतं की ईएसआय म्हणजे फक्त औषधं. पण याच विम्यात नोकरी गेल्यावर रोख मदत देणाऱ्या दोन योजना आहेत.

पहिली: अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना

ही १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. आधी सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के रक्कम मिळायची, कोरोनाच्या काळात ती ५० टक्के झाली. मदत जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी आणि आयुष्यात एकदाच मिळते. योजनेला वेळोवेळी मुदतवाढ दिली जाते, त्यामुळे अर्ज करण्याआधी ईएसआयसीच्या १८००-११-२५२६ या टोल फ्री नंबरवर चालू मुदत विचारून घ्या.

अटी अशा आहेत. नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं तुम्ही विम्याखाली असायला हवं. ईएसआयसीचं वर्ष दोन भागांत मोजलं जातं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या भागात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी आणि त्याआधीच्या तीन भागांपैकी कोणत्याही एका भागात पुन्हा किमान ७८ दिवसांची. गैरवर्तनामुळे शिक्षा म्हणून काढलं असेल, वयोमानाने निवृत्त झाला असाल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर ही मदत मिळत नाही.

किती मिळेल? गणित करून बघू. महिना १५ हजार पगार असेल तर दोन वर्षांत ३ लाख ६० हजार झाले. त्याला ७३० दिवसांनी भागलं की रोजचे साधारण ४९३ रुपये. त्याचे निम्मे म्हणजे सुमारे २४६ रुपये. ९० दिवसांचे होतात २२ हजारांच्या आसपास. तीन महिने घरभाडं आणि किराणा सावरायला हा आधार लहान नाही.

नोकरी गेल्यानंतर ३० दिवसांनी हा दावा लागू होतो. तो मालकाने पाठवायची गरज नाही, ईएसआयसीच्या पोर्टलवर तुम्ही स्वतः करू शकता. तुमचा दहा आकडी विमा क्रमांक, आधार आणि बँक खात्याचा तपशील लागतो. पुढचं काम तुमचा विमा क्रमांक ज्या शाखा कार्यालयाशी जोडलेला आहे, तिथून होतं.

अडतं कुठे? तर दोन ठिकाणी. एक, ठेकेदाराने पगारातून पैसे कापले पण पुढे भरलेच नाहीत. पोर्टलवर तुमच्या नावाने दर महिन्याला वर्गणी जमा झाली का, हे नोकरीत असतानाच बघत राहा. दोन, मालक दर महिन्याला जो तक्ता भरतो त्यात तुमचं काम बंद होण्याचं कारण लिहिलेलं असतं. 'नोकरी सोडली' आणि 'कपात' ही तिथली वेगवेगळी कारणं आहेत. तुमच्या नावापुढे चुकीचं कारण पडलं असेल तर ते दुरुस्त करून घेण्यासाठी आधी मालकाला आणि मग शाखा कार्यालयाला लेखी द्या.

दुसरी: राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना

१ एप्रिल २००५ पासूनची ही जुनी योजना, पण फार कमी जणांना माहीत आहे. कारखाना कायदेशीररीत्या बंद झाला, कामगार कपात झाली किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीमुळे ४० टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आलं, तर ही लागू होते. किमान दोन वर्षांची वर्गणी हवी. पहिले १२ महिने सरासरी कमाईच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के, असा जास्तीत जास्त २४ महिने भत्ता. शिवाय त्या काळात कामगाराला आणि कुटुंबाला ईएसआयचे उपचार.

२४ महिने आणि ९० दिवस, किती फरक आहे बघा. आणि तो फरक 'कपात' किंवा 'बंद' या एका शब्दाने पडतो.

अचलपूरची फिनले मिल आठवा. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची ही गिरणी मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली आणि पूर्ववत चालू झाली नाही. ती सुरू करा म्हणून कामगारांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. अशा वेळी सामान्य माणूस म्हणतो, गिरणी बंद पडली. पण गेटला कुलूप असणं आणि कायद्याच्या कागदावर कारखाना 'बंद' असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालक बंदची किंवा कपातीची प्रक्रिया पूर्ण करत नाही तोवर कामगार कागदावर नोकरीतच असतो. काम नाही, पूर्ण पगार नाही, पण बेरोजगारही नाही. तुम्ही कुठेही अशा अडकलेल्या अवस्थेत असाल तर आधी लेखी विचारा की हा 'ले-ऑफ' आहे, कपात आहे की कारखाना बंद. पन्नासपेक्षा कमी कामगार नसलेल्या कारखान्यात ले-ऑफ असेल तर पात्र कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळायला हवी.

जिनिंगवाल्यांचं काय?

आपल्या वऱ्हाडात हा प्रश्न सर्वात मोठा. कापसाचा हंगाम आला की जिनिंग-प्रेसिंगमध्ये हजारो हातांना काम लागतं आणि हंगाम सरला की ते संपतं. म्हणजे दरवर्षी ठरलेली बेरोजगारी. पण फक्त जिनिंग किंवा प्रेसिंग करणारे कारखाने कायद्यात 'हंगामी कारखाने' धरले जातात आणि ईएसआयमधून त्यांना वगळलं आहे. म्हणजे जिथे काम जाणार हे दरवर्षी पक्कं माहीत आहे, तिथेच हा विमा नाही. या कामगारांकडे राहिलेला पगार मागण्याचा हक्क आहे, आणि ते खेड्यात राहत असतील तर रोजगार हमी. ती पुढे बघू.

पीएफ: हा भत्ता नाही, तुमचेच पैसे आहेत

नोकरी गेली की पहिला सल्ला येतो, "पीएफ काढून टाक." थोडं थांबा.

अमरावती, अकोल्याच्या भागातले बरेच पीएफ खाते क्रमांक 'एनजीएकेएल' या अक्षरांनी सुरू होतात. त्यातलं 'एकेएल' म्हणजे अकोला, कारण ईपीएफओचं क्षेत्रीय कार्यालय अकोल्यात आहे. काम ऑनलाइन होतं, पण अडलं तर जायचं तिथे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने नियम बदलण्याचा निर्णय घेतला. नोकरी गेल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच काढता येईल, २५ टक्के किमान शिल्लक खात्यात राहील. पूर्ण रक्कम काढण्यासाठी आधी दोन महिने थांबावं लागायचं, ती मुदत १२ महिने झाली. पेन्शनचा वाटा काढण्याची मुदत दोन महिन्यांवरून ३६ महिने झाली.

सर्वात जास्त अर्ज अडकतात ते 'नोकरी सोडल्याची तारीख' टाकलेली नसते म्हणून. मालक ती टाकत नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः यूएएन पोर्टलवर ती नोंदवू शकता. ही सोय २०२० पासून आहे. तिथे कारण निवडतानाही विचार करा, कारण तुमच्या हाताने निवडलेलं कारण उद्या तुमच्याच विरोधात दाखवलं जाऊ शकतं.

दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' नावाचं शिबिर प्रत्येक जिल्ह्यात होतं. मालक दाद देत नसेल, नावात चूक असेल, केवायसी अडली असेल, तर कागद घेऊन तिथे जा.

खेड्यात राहता? मग कायद्यात 'बेरोजगार भत्ता' हा शब्दच आहे

देशात बेरोजगार भत्त्याचा हक्क सर्वात आधी ज्या कायद्यांत आला त्यातला एक महाराष्ट्राचा आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. त्यामागे वि. स. पागे यांची कल्पना होती. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम देता आलं नाही तर रोज किमान एक रुपया भत्ता, अशी त्यात तरतूद होती. शहरात नोकरी करणाऱ्यांच्या पगारातून आजही महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. तो १९७५ मध्ये याच योजनेला पैसा उभा करण्यासाठी लावला गेला.

पुढे २००६ मध्ये देशभराची रोजगार हमी आली. पहिल्या २०० जिल्ह्यांत अमरावती होता, अकोला दुसऱ्या टप्प्यात आला. नियम सोपा आहे. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम मिळालं नाही तर भत्ता. पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, त्यानंतर किमान निम्मा. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा दर रोज ३१२ रुपये होता. म्हणजे पहिल्या महिन्यात रोज ७८ आणि नंतर १५६ रुपये. हा पैसा राज्य सरकारने द्यायचा असतो.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात वर्षाला १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी आहे आणि पेरणी-कापणीच्या काळात मिळून ६० दिवसांपर्यंत कामं थांबवण्याची मुभा राज्याला आहे. १५ दिवसांत काम नाही तर भत्ता, हे तत्त्व त्यातही राहिलं आहे.

मग हा भत्ता कोणाला मिळाल्याचं सहसा ऐकू का येत नाही? कारण मागणी कागदावर येतच नाही. मजूर ग्रामपंचायतीत जाऊन तोंडी विचारतो, "काही काम निघालं का?" ग्रामरोजगार सेवक म्हणतो, "निघालं की सांगतो." झालं. नियमाच्या दृष्टीने तुम्ही काम मागितलेलंच नाही. १५ दिवसांचं घड्याळ सुरूच झालं नाही.

म्हणून लेखी मागणी द्या. महाराष्ट्रात त्यासाठी नमुना ४ चा अर्ज आहे. त्यावर जॉब कार्डाचा नंबर, किती दिवस काम हवं आणि कधीपासून हवं, ते लिहा. तारीख असलेली पोच घ्या. ग्रामपंचायत घेत नसेल तर अर्ज तहसील कार्यालयात देता येतो, कारण आपल्या राज्यात तहसीलदार हे योजनेचे कार्यक्रम अधिकारी आहेत आणि गटविकास अधिकारी सह कार्यक्रम अधिकारी. धारणी-चिखलदऱ्यात मेळघाटातली माणसं रोहयोवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात. तिथे एकट्याने जाण्यापेक्षा दहा-पंधरा जणांनी एकाच दिवशी अर्ज देऊन पोच घेतली तर ती नाकारणं अवघड जातं.

एक सावधगिरी. काम दिल्याचं कळवल्यावर १५ दिवसांत हजर झाला नाहीत किंवा परवानगीशिवाय सलग आठवड्यापेक्षा जास्त गैरहजर राहिलात, तर तीन महिने भत्त्याचा हक्क जातो. त्यामुळे मागणी खरी असेल तेव्हाच करा.

अजून नोकरीच लागली नाही त्यांनी काय करायचं?

बी.ए., बी.कॉम. झालं, दोन वर्षं स्पर्धा परीक्षा दिली, हातात काही नाही. विमा नाही, पीएफ नाही. अशांसाठी रोख भत्ता नाही हे खरं, पण सेवा आहेत.

पूर्वी ज्याला आपण 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज' म्हणायचो, तेच आज जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र झालं आहे. अमरावतीत आहे, अकोल्यातही आहे. नाव नोंदवायला आता रांग नाही, 'महास्वयम' पोर्टलवर मोफत नोंदणी होते. पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळाव्यांची माहिती आणि अर्ज तिथेच असतात. एकदा नोंदणी केली आणि विसरलात तर उपयोग नाही. मोबाइल नंबर बदलला, नवीन कोर्स केला, तर प्रोफाइल अपडेट करा.

याच पोर्टलवर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. लोक तिला 'लाडका भाऊ' म्हणतात आणि बेरोजगार भत्ता समजतात. जुलै २०२४ ची ही योजना १८ ते ३५ वयाच्या, शिक्षण पूर्ण झालेल्या तरुणांसाठी आहे. एखाद्या कार्यालयात किंवा कंपनीत प्रत्यक्ष काम शिकायचं आणि विद्यावेतन घ्यायचं. बारावीला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकेला ८ हजार, पदवीला १० हजार महिना. सुरुवातीला कालावधी सहा महिने होता, २०२५ मध्ये तो ११ महिने झाला. हजेरीवर पैसे मिळतात, घरी बसून नाही. आणि प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कोणावर नाही. हे आधीच समजून घेतलं तर अकराव्या महिन्यात धक्का बसणार नाही. या काळात अनुभव प्रमाणपत्र नीट तयार करून घ्या आणि दुसरीकडे अर्ज चालू ठेवा. चौकशीसाठी टोल फ्री नंबर १८००-१२०-८०४०.

आदिवासी उमेदवारांसाठी अचलपूरला वेगळं मार्गदर्शन केंद्र आहे. तिथे स्पर्धा परीक्षेच्या तयारीचं प्रशिक्षण विद्यावेतनासह दिलं जातं. मेळघाटातल्या मुलांनी त्याची जाहिरात चुकवू नये.

यातल्या कोणत्याही सरकारी नोंदणीसाठी कोणी 'प्रोसेसिंग फी' मागितली, ओटीपी विचारला किंवा लिंकवरून ॲप टाकायला सांगितलं, तर ती फसवणूक समजा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

अर्ज नाकारला तर? अपील कुठे करायचं

खूप जण पहिल्या नकाराला शेवटचा समजतात. तसं नसतं. पण कोणत्याही अपिलाआधी एक गोष्ट करा, नकाराचं कारण लेखी घ्या. "साहेब नाही म्हणाले" यावर अपील होत नाही.

• ईएसआयसी: आधी शाखा कार्यालयात लेखी तक्रार, मग केंद्राच्या तक्रार पोर्टलवर, म्हणजे सीपीग्राम्सवर. तरीही वाद सुटला नाही तर कर्मचारी विमा न्यायालय आहे, तिथे कारण घडल्यापासून तीन वर्षांच्या आत जाता येतं. त्यापुढे कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तर उच्च न्यायालय, आपल्यासाठी नागपूर खंडपीठ.

• पीएफ: ईपीएफओचं स्वतःचं तक्रार पोर्टल, २७ तारखेचं शिबिर आणि अकोल्याचं क्षेत्रीय कार्यालय.

• पगार, ग्रॅच्युइटी, कपातीची भरपाई: कामगार आयुक्तालयाचं तुमच्या जिल्ह्यातलं कार्यालय.

• रोजगार हमी: तहसीलदारांकडे लेखी तक्रार, ती सात दिवसांत निकाली काढायची असते. त्यावर जिल्हाधिकारी, जे जिल्हा कार्यक्रम समन्वयक असतात. शिवाय योजनेचे लोकपाल आणि ग्रामसभेतलं सामाजिक अंकेक्षण.

• राज्य सरकारची अधिसूचित सेवा वेळेत मिळाली नाही: लोकसेवा हक्क कायदा, २०१५. पहिलं आणि दुसरं अपील प्रत्येकी ३० दिवसांत, तिसरं ६० दिवसांत आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

• अर्जाचं काय झालं हेच कळत नाही: माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. राज्याच्या कार्यालयांबाबतचं दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे जातं. ईएसआयसी आणि ईपीएफओ केंद्राचे असल्याने त्यांचं अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून मागे हटू नका. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं, हेल्पलाइन १५१००.

नोकरी गेल्यावरचे पहिले ६० दिवस

पहिला आठवडा: राजीनाम्यावर घाईत सही नाही. नोटीस, शेवटची पगार पावती, ओळखपत्र, नेमणुकीचं पत्र, सगळ्याचे फोटो काढून स्वतःच्याच ईमेलवर पाठवा. कंपनीचा ईमेल आणि हजेरीचं ॲप बंद व्हायच्या आधी.

दुसरा आठवडा: ईएसआयसी आणि पीएफच्या पोर्टलवर वर्गणी, नाव, जन्मतारीख, बँक खातं तपासा. महास्वयमवर प्रोफाइल अपडेट करा. खेड्यात असाल तर कामाची लेखी मागणी देऊन पोच घ्या.

तिसरा आणि चौथा आठवडा: हिशेब मिळाला नसेल तर मालकाला लेखी आठवण, मग कामगार कार्यालय.

३० दिवसांनंतर: ईएसआयसीचा दावा. अर्ज क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा.

६० दिवस होत आले: मालकाने पीएफमध्ये नोकरी संपल्याची तारीख टाकली नसेल तर ती स्वतः नोंदवायची तयारी करा. एखादं कार्यालय गप्प बसलं असेल तर माहितीचा अधिकार.

नोकरी गेली की बऱ्याच घरांत ते लपवलं जातं. पोरगा रोज सकाळी डबा घेऊन निघतो आणि बगीच्यात बसून संध्याकाळी परत येतो. त्या लाजेत महिना-दोन महिने निघून जातात आणि नेमके तेच दिवस कागद गोळा करायचे असतात. ज्याच्या पगारातून दोन-चार वर्षं ईएसआय कापलं गेलं, त्याने दावा केला तर तो कोणाकडे हात पसरत नाही. त्याने हप्ता भरलेला आहे.

पुढच्या वेळी "५ हजार भत्ता, फॉर्म सुरू" असा मेसेज आला तर तो पुढे पाठवण्याआधी ग्रुपमध्ये एवढंच विचारा: "तुमच्यापैकी कोणाचं ईएसआय कापलं जात होतं? जॉब कार्ड कोणाकडे आहे? मागणीची पोच घेतली का?" या तीन प्रश्नांतून एखाद्याला खरे पैसे मिळू शकतात.